खाडीत मासे मेले, किनाऱ्यावर डांबर आलं: पहिल्या सुकतीपासून हरित न्यायाधिकरणापर्यंत काय करायचं

ऑगस्टातली पहाट. साडेपाचला शेजारच्या काकींनी दारावर थाप मारली. "अरे ऊठ, खाडीवर चल. बोयटं उताणी पडलीत सगळी." धक्क्यावर पोचलो तर पाण्याला कोऱ्या चहाचा रंग, कडेला फेस, आणि चिखलात बोय, पालू, खरबी पसरलेली. चिंबोऱ्या बिळं सोडून खाजणाच्या बांधावर चढून बसलेल्या. पन्नासेक माणसं जमली. सगळ्यांनी मोबाईल काढले, व्हॉट्सअॅपवर टाकलं, ओळखीच्या दोन पत्रकारांना फोन केले, पोटभर शिव्या घातल्या. दुपारी भरती आली. संध्याकाळच्या सुकतीला (ओहोटीला) खाडी नेहमीसारखी. नमुना घ्यायला माणूस आला तो तिसऱ्या दिवशी, आणि दीड महिन्याने अहवाल आला: सर्व घटक विहित मर्यादेत.

तेव्हा वाटलं होतं, आपल्या बाजूने कायदाच नाही. पुढे कळलं की कायदे भरपूर आहेत, आपल्याकडे कागद नव्हता. भरती बारा तासांत सगळं धुऊन नेते आणि कार्यालय आठवड्याने हलतं. मधलं अंतर आपणच भरायचं असतं, आणि ते कसं भरायचं तेवढ्यासाठीच हा लेख.

मी वकील नाही. गावच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव आहे. त्या ऑगस्टनंतर आणखी दोनदा, एकदा खाडीसाठी आणि एकदा वाळूवर आलेल्या डांबरासाठी, कागद घेऊन फिरलो, अगदी पुण्यापर्यंत. जे अडलं, जिथे आपटलो, ते क्रमाने सांगतो.

## १. आधी हद्द ओळखा

तक्रार चुकीच्या दारात गेली की ती "योग्य त्या कार्यवाहीसाठी" फिरत राहते, आणि तोवर दोन अमावस्या होतात. ढोबळ वाटणी अशी:

रसायन किंवा सांडपाणी खाडीत आलं असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. आपल्या भाषेत बोर्ड. कायदे दोन: १९७४ चा जल प्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. "खाडीचं पाणी आमच्यात येत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. १९७४ च्या कायद्यातल्या व्याख्येत भरती-ओहोटीचं पाणीही येतं.

समुद्रात तेल सांडलं असेल, तर भारतीय तटरक्षक दल. तेलगळतीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आपत्ती आराखडा आहे आणि त्याची मुख्य यंत्रणा तेच आहेत. पण इथे एक मेख आहे. बंदराच्या हद्दीतलं तेल बंदराने काढायचं, खोल समुद्रातलं तटरक्षक दलाने, आणि एकदा ते वाळूला लागलं की सफाई राज्य प्रशासनाची, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हाधिकाऱ्यांची. तटरक्षक दलाचं जहाज आपल्या पुळणीवर येऊन डांबर उचलणार नाही. आमचे पहिले चार दिवस त्याची वाट बघण्यातच गेले.

कांदळवन तोडलं, भराव टाकला, तर तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष. जमीन कुणाच्या मालकीची आहे हा प्रश्न इथे गैरलागू. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते स्वच्छ सांगितलंय. शिवाय सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा किनारा समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे आजच विचारून ठेवा. आम्ही विचारलं तेव्हा त्यातल्या एकाला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

जहाजांचं संकट म्हणजे मुंबईचा प्रश्न, असंही समजू नका. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात 'बसरा स्टार' रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि वर्षानुवर्षं तिथेच सडत राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये 'पार्थ' हा टँकर डांबराचा माल घेऊन जाताना रत्नागिरी-देवगडच्या समोर संकटात सापडला. त्यावरच्या १९ जणांना तटरक्षक दलाने वाचवलं.

## २. पहिला तास: फोन, पण नोंदीसह

तटरक्षक दल १५५४. सागरी पोलीस १०९३. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. वनखातं १९२६. काहीच आठवलं नाही तर ११२.

फोनवर तीन गोष्टी सांगा: ठिकाण, वेळ, आणि भरती आहे की सुकती. मग तीन गोष्टी विचारा: घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, नोंद क्रमांक. "नोंद क्रमांक नसतो" म्हणाले तर "तुमचं नाव आणि वेळ मी लिहून घेतो" एवढंच शांतपणे बोला. फोन ठेवल्यावर तोच मजकूर त्याच कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा, दोन ओळींचा का असेना. पुढे सगळा खटला "आम्हाला कधी कळलं" या एका प्रश्नावर फिरतो, आणि त्या ईमेलवर मिनिटासकट वेळ असते.

तेलाने माखलेलं कासव दिसलं तर धुवायला जाऊ नका, पाण्यात परत ढकलू नका. वनखात्याला कळवा, सावलीत ठेवा. मेलेलं असेल तर त्यांचा पंचनामा होईपर्यंत पुरू नका. आपल्याकडची कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय हात लावल्याचं निमित्त तुमच्यावरच यायला नको.

## ३. दुसरी भरती यायच्या आत: नमुना आणि फोटो

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आम्ही इथेच सगळ्यात जास्त चुकलो.

पहिल्या वेळी एका उत्साही पोराने बिसलेरीच्या बाटलीत पाणी भरलं, स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि भर उन्हातून तालुक्याला नेलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली उजेडात धरून बघितली आणि परत दिली. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू जागेवरच बांधावा, म्हणजे रसायन घालून स्थिर करावा लागतो. बाकी बऱ्याच चाचण्यांसाठी नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवावा लागतो. उन्हात दोन तास तापलेलं पाणी म्हणजे पाणी, पुरावा नव्हे.

आता सोसायटीच्या कपाटात एक पेटी कायम भरून ठेवलेली असते:

- झाकणाच्या काचेच्या बरण्या, स्वच्छ धुऊन वाळवलेल्या (तेल आणि डांबरासाठी काचच. प्लास्टिकला तेल धरतं)
- पाण्यासाठी नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या
- अॅल्युमिनियमची फॉइल (बरणीच्या झाकणाखाली लावायला आणि मासे गुंडाळायला)
- रबरी हातमोजे
- लाख, मेणबत्ती, दोरा, पांढऱ्या चिकटपट्ट्या, न पुसणारं पेन
- मोजपट्टी आणि वजनकाटा
- पीएच (पाणी किती आम्ल आहे ते) बघायच्या कागदी पट्ट्या
- त्या महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक

बर्फ विकत घ्यायची आपल्याला गरज नाही. मासळीचा थर्मोकोलचा खोका आणि बर्फ प्रत्येक घरी असतो, तो वापरा.

नमुना तीन ठिकाणचा घ्या: जिथे मासे मेलेत तिथला, त्याच्या वरच्या अंगाचा, आणि खालच्या अंगाचा. वरचं पाणी बरं आणि मधलं वाईट, असं दिसलं तरच घाण कुठून शिरली ते कळतं. एका जागच्या दहा बाटल्यांचा तेवढा उपयोग नाही. मेलेले मासे जातीप्रमाणे मोजा, दोनचार फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या कारखान्यात गोठवून ठेवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याविरुद्ध वापरायचा नमुना बोर्डाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या पद्धतीने, सीलबंद करून घ्यायचा असतो. तुमची बाटली त्याची जागा घेत नाही. मग घ्यायची कशाला? कारण बोर्डाने तिसऱ्या दिवशी घेतलेलं पाणी स्वच्छ निघालं, तर पहिल्या दिवशी ते तसं नव्हतं हे दाखवायला दुसरं काहीही उरत नाही. आणि हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं न्यायपीठ, पुराव्याच्या कायद्याच्या चौकटीत काटेकोर अडकलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या कायद्यात, कलम १९ मध्ये, तशी मोकळीक आहे. तिथे तुमच्या बाटलीचा अहवाल निदान वाचला तरी जातो.

फोटोंचं: जीपीएस आणि वेळ उमटवणारं अॅप आधीच टाकून ठेवा. फोटोत एखादी न हलणारी खूण येऊ द्या, धक्क्याचा खांब, दीपगृह, देवळाचा कळस. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो हा मूळ फोटो नसतो, त्यातली माहिती गळून जाते. मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. उच्च न्यायालयात किंवा फौजदारी प्रकरणात भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते फोनवाल्यालाच द्यावं लागतं. आमचा सगळ्यात चांगला व्हिडिओ ज्याने काढला होता, त्याने गणपतीत नवीन फोन घेतला आणि जुना चिपळुणात एक्स्चेंजला दिला. संपला विषय.

डांबर असेल तर अजून एक: पोरांना उघड्या हाताने गोळे उचलायला लावू नका, जाळू नका, वाळूत पुरू नका. सफाई करायचीच झाली तर पोती भरून मोजा, ग्रामपंचायतीसमोर वजन करा, वजनाचा कागद करा. हे घातक कचऱ्यात जातं, घंटागाडीत टाकायचं नाही.

## ४. पंचनामा: शब्द आपले, सही त्यांची

आम्ही भाऊसाहेबांना (तलाठी, आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी) फोन केला तेव्हा ते तीन गावांचा कारभार सांभाळत होते. "उद्या येतो," म्हणाले. उद्या म्हणजे चार भरत्या-सुकत्या उलटल्यावर. तेव्हापासून आम्ही शिकलो: ते येईपर्यंत थांबायचं नाही. पोलीस पाटील, सरपंच आणि दोन बिगर-मच्छीमार माणसांना (शाळेतले गुरुजी, दुकानदार) पंच करून आपणच स्थळपाहणीचा कागद लिहायचा. तो सरकारी पंचनामा ठरत नाही, पण भाऊसाहेब आले की त्यांच्या पंचनाम्याला जोडता येतो.

मजकूर कसा लिहिता यावर सगळं आहे. आमचा पहिला पंचनामा असा होता: "खाडीचे पाणी दूषित होऊन मोठ्या प्रमाणात मासे मृत झाले असून मच्छीमारांचे अतोनात नुकसान झाले आहे." यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. दुसऱ्या वेळी लिहिला तो असा:

"सकाळी ७ वाजून १० मिनिटे, सुकती चालू. धक्क्याच्या तिसऱ्या खांबापासून उत्तरेस सुमारे २०० पावले. पाण्याचा रंग तपकिरी, काठावर वीतभर जाडीचा पांढरा फेस, वास ॲसिडसारखा, डोळे चुरचुरतात. दहा पावले लांब, दहा पावले रुंद जागेत मोजलेले मृत मासे: बोय ६४, पालू ११, चिंबोरी ९. पीएच पट्टीचा रंग फोटो क्रमांक ४ मध्ये."

"अतोनात" हा शब्द कोर्टात शून्य किमतीचा. "६४" ला किंमत आहे.

## ५. चोवीस तासांत लेखी तक्रार

एकच अर्ज, पण प्रती वेगवेगळ्या दारी: बोर्डाचं उपप्रादेशिक कार्यालय, जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी), सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय, पोलीस ठाणे. जहाजाचा विषय असेल तर तटरक्षक दल आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचं बंदर कार्यालयही. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घ्या. पोच मिळाल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही.

अर्जात भावनेला एक परिच्छेद पुरे. बाकी मागण्या, आणि प्रत्येक मागणीला तिचं कलम:

बोर्डाकडे: कलम २१ खाली तातडीने नमुने घ्या, आणि घाण सोडणारा सापडला तर जल कायद्याच्या कलम ३३अ खाली त्याचं उत्पादन, वीज, पाणी बंद करा. पर्यावरण कायद्याच्या कलम ५ मध्येही असेच अधिकार आहेत. जल कायद्याच्या कलम ३२ मध्ये आणीबाणीत बोर्डाने स्वतः उपाय करायची सोय आहे. हे कलम अर्जात लिहिलेलं बघून आमच्या तालुक्याच्या वकिलांनीही भुवया उंचावल्या, कारण ते क्वचितच कुणी वापरतं.

प्रांतांकडे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. सार्वजनिक उपद्रव हटवायचा सशर्त आदेश ते काढू शकतात. स्वस्त, स्थानिक आणि विसरलं गेलेलं हत्यार आहे हे. वकील लागत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांकडे: आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. त्यातल्या आपत्तीच्या व्याख्येत पर्यावरणाची हानीही बसते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून ते यंत्रणा आणि साधनं ताब्यात घेऊन कामाला लावू शकतात. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं तेव्हा केरळ सरकारने ती घटना राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली होती. आपल्या अर्जात हा दाखला द्या.

सोबत जोडायची कागदपत्रं: स्थळपाहणीचा कागद, फोटो क्रमांक टाकून, फोन आणि ईमेलची नोंद, नमुन्यांची यादी, सोसायटीचा ठराव. ठराव विसरू नका. आमच्या चेअरमननी नुसती सही ठोकली, आणि पुढे समोरच्या वकिलाची पहिली हरकत "यांना अधिकार कुणी दिला" हीच होती.

## ६. माहितीचा अधिकार, लगेच

तक्रारीचं काय होतं ते बघू, मग अर्ज करू, असं करू नका. त्याच आठवड्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाका. उत्तराला ३० दिवस लागतात आणि ते दिवस पुढे फार महाग पडतात.

"प्रदूषण का झाले?" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. कागद मागा: अमुक तारखांचे नमुन्यांचे अहवाल, त्या भागातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं संमतीपत्र, त्याच्या मीटरची त्या आठवड्याची नोंद, मागच्या दोन वर्षांतल्या कारणे दाखवा नोटिसा. नोटिसांच्या प्रती हातात आल्या की चित्रच बदलतं, कारण बोर्डाला आधीपासून काय ठाऊक होतं ते त्यांच्याच अक्षरात दिसतं.

## ७. हरित न्यायाधिकरण

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने आलं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. रत्नागिरीहून पहाटेची एसटी पकडून जाता येतं, पण अर्ज ऑनलाइनही दाखल होतो. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून पंचनामा, ठराव, सातबारा, सगळ्याचं भाषांतर जोडावं लागतं. भाषांतराचा खर्च वकिलाच्या फीइतका होऊ शकतो, तो आधी धरून चाला.

आता सापळे.

पहिला, मुदतीचा. कलम १४ खालचा वाद वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत मांडावा लागतो, फार तर आणखी ६० दिवस. भरपाई आणि पुनर्स्थापनेच्या कलम १५ ला पाच वर्षं, अधिक ६० दिवस. सरकारी परवानगीविरुद्धचं अपील असेल तर अवघे ३० दिवस, अधिक ६०. आपली सवय काय, अर्जाची सुरुवातच "गेली वीस वर्षे आमची खाडी प्रदूषित होत आहे" अशी करायची. मनातलं खरं असतं ते. पण ते वाक्य लिहिलंत की समोरचा म्हणतो, म्हणजे कारण वीस वर्षांपूर्वी घडलं, मुदत संपली. घटनेची तारीख लिहा. ही घटना, हा दिवस, हे नुकसान. जुना इतिहास पार्श्वभूमी म्हणून, पाचव्या-सहाव्या परिच्छेदात.

दुसरा, कायद्यांच्या यादीचा. न्यायाधिकरण फक्त सात कायद्यांखालचे वाद ऐकतं. जल, हवा, पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता वगैरे. वन्यजीव कायदा त्या यादीत नाही. कासवं मेली म्हणून तिथे वन्यजीव कायद्यावर उभं राहिलात तर पाय घसरेल. सीआरझेड मात्र पर्यावरण संरक्षण कायद्याची अधिसूचना असल्यामुळे चालते.

तिसरा, "आमचा दोष नव्हता, अपघात होता" या बचावाचा. हा त्यांचा सापळा, आपला नाही. अपघाताच्या प्रकरणात दोष सिद्ध न करताही जबाबदारी लावता येते, कलम १७ तेच सांगतं. प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे तत्त्वही कायद्यातच, कलम २० मध्ये, लिहिलेलं आहे.

आणि हे कागदापुरतं नाही. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीविरुद्ध याच खंडपीठात दाद मागितली, तेव्हा २०१५ च्या फेब्रुवारीत १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश झाला. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद गेली, अर्ज २०१६ चा, निकाल २०२२ चा. मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर ऑगस्ट २०११ मध्ये कोळशासकट बुडालेल्या 'एमव्ही रॅक'च्या प्रकरणात २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटींची पर्यावरण भरपाई लावली गेली. वर्षं मोजा आणि मगच सुरुवात करा: दोन, सहा, पाच. एका मासळीच्या हंगामाचं हे काम नाही.

## ८. जहाजाचं तेल असेल तर घाई दुप्पट

कारखाना कुठे पळून जात नाही. जहाज जातं. एकदा ते आपल्या पाण्याबाहेर गेलं की मालक पनामात, विमा लंडनमध्ये आणि आपण धक्क्यावर.

यासाठी २०१७ चा नाविक दाव्यांचा कायदा आहे, त्याला अॅडमिरल्टी कायदा म्हणतात. पर्यावरणाला किंवा किनाऱ्याला जहाजाने केलेली हानी हा त्यात दाव्याचा मान्य प्रकार आहे, आणि उच्च न्यायालय जहाज अटकेत ठेवण्याचा आदेश देऊ शकतं. महाराष्ट्रासाठी मुंबई उच्च न्यायालय. बुडालेलं जहाज अटक करून उपयोग नसतो, पण त्याच मालकाचं दुसरं जहाज धरता येतं. 'एल्सा ३' नंतर केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावून तेच केलं, विळिंजमला आलेलं त्याच समूहाचं जहाज उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडकवलं. हे काम तालुक्याच्या वकिलाचं नाही. मुंबईतला या विषयातला वकील शोधा, आणि राज्य सरकारला दावा लावायला भाग पाडणारा अर्ज त्याच दिवशी करा.

तेल टँकरमधून आलं असेल तर आणखी एक दार आहे. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारांखालचा तेल प्रदूषण भरपाई निधी. भारत त्यात आहे. बुडालेली कमाई, खराब झालेली जाळी, सफाईचा खर्च, हे सगळं त्यात मागता येतं. मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षं. पण हा निधी टँकरच्या जड, टिकून राहणाऱ्या तेलासाठी आहे. मालवाहू जहाजाचं स्वतःच्या इंजिनासाठीचं इंधन सांडलं तर तो लागू नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ टक्कर होऊन ज्याचं तेल रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते 'एमएससी चित्रा' कंटेनर जहाज होतं. म्हणून तेल कशाचं हे पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं, आणि त्यासाठीच ती काचेची बरणी. तेलाचीही ओळख पटते, जहाजाच्या टाकीतल्या नमुन्याशी ताडून बघता येतं.

व्यापारी जहाजांचा १९५८ चा कायदा बदलून संसदेने २०२५ मध्ये नवा मंजूर केला आहे. जुन्या लेखांतली कलमं उतरवून अर्जात घालू नका, वकिलाकडून तपासून घ्या.

## ९. नुकसानीचा हिशेब

सगळे इथे येऊन अडतात, कारण आपला धंदा तोंडी. मोठ्या नौकावाल्यांकडे नोंदणी, मासेमारी परवाना, डिझेलची नोंद, सोसायटीच्या पावत्या, लिलावाच्या चिठ्ठ्या असतात. मागच्या तीन वर्षांच्या त्याच महिन्याची विक्री आणि या वर्षीची, शेजारी शेजारी मांडा. ऑगस्टची तुलना जानेवारीशी करू नका. मासेमारी बंदीचे दिवस वगळा. फुगवू नका: एक खोटी पावती सापडली की शंभर खऱ्या बुडतात.

खरी पंचाईत खाडीत तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, मुळे काढणाऱ्या बायकांची. त्यांच्याकडे परवाना नाही, नौका नाही, पावती नाही, आणि चिखल खराब झाला की त्यांचा धंदा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिवस बंद. आमच्या पहिल्या यादीत एकही बाई नव्हती. काकींनी भर सभेत विचारलं, "मासं आधी बघितलान कोणी, मी का तू?" पुढच्या वेळी आम्ही प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र केलं: किती वर्षं, कुठल्या जागेत, आठवड्याला किती टोपल्या, विकते कुठे. सोबत ग्रामपंचायतीचा दाखला आणि ज्या हॉटेलवाल्यांना त्या माल देतात त्यांचं दोन ओळींचं पत्र. आता काकी शाळेच्या वहीत रोज लिहितात, तारीख, टोपल्या, पैसे. अशी वही संकट येण्याआधीची असली तरच तिला वजन. म्हणून आज सुरू करा.

वकिलाच्या पैशाचंही इथेच सांगतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही, आणि औद्योगिक आपत्तीच्या पीडितांनाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००. आमच्या दुसऱ्या अर्जात पहिलं नाव एका मासेविक्रेत्या ताईंचं होतं.

## १०. समिती पाहणीला आली की

अर्ज दाखल झाल्यावर न्यायाधिकरण बहुधा संयुक्त समिती नेमतं: बोर्ड, जिल्हाधिकारी कार्यालय, कधी केंद्रीय मंडळही. पुढचा निकाल बराचसा त्या समितीच्या अहवालावर उभा राहतो, म्हणून त्या एका दिवसाची तयारी खटल्याइतकीच करा.

आमच्याकडे समिती पहिल्यांदा आली ती दुपारी एकला, ऐन भरतीला, उधाणाच्या दिवशी. जिथून घाण येते तो नळ पाण्याखाली दोन पुरुष खोल. साहेबांनी धक्क्यावर उभं राहून खाडी बघितली, सुंदर आहे म्हणाले, शहाळं प्यायले. अहवालात आलं: पाहणीच्या वेळी विसर्ग आढळला नाही.

आम्ही लेखी हरकत घेतली, न्यायाधिकरणाने फेरपाहणी सांगितली. या वेळी समितीला पाठवलेल्या पत्राला महिन्याचं भरतीचं वेळापत्रक जोडलं, सुकतीच्या वेळांना लाल पेनाने गोल केले आणि होडी, तांडेल (होडी हाकणारा), गमबूट यांची सोय आमच्याकडून असल्याचं लिहिलं. सकाळी साडेसहाला सगळे चिखलात उतरले. नळ उघडा पडला होता. बोर्डाच्या माणसाने बाटली भरली, लाख लावली, आणि सील करताना त्याच्याच हातावर तो तपकिरी फेस लागला. पंचनाम्यावर काकींनी अंगठा दिला नाही, सही केली.